वेताळाचे अंक पाठवण्याआधी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू फोनवर म्हणालीस, "बाबा, माळ्यावरचे ते वेताळाचे अंक पाठवून द्या, लेकीला वाचून दाखवीन." त्याच दिवशी गठ्ठा खाली काढला, पण पार्सल बांधायला चार दिवस लागले. सगळे अंक पुन्हा वाचत बसलो होतो.

'टाइम्स ऑफ इंडिया'ने इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू केलं. ते १९९० मध्ये बंद पडलं. मधल्या काळात त्यातल्या वेताळाशिवाय, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम' या जंगलातल्या मुखवटाधारी रक्षकाशिवाय, आमच्या वाड्यातल्या पोरांना दुसरा देव नव्हता. त्याची चित्रमालिका ली फॉक नावाच्या अमेरिकन माणसाने १९३६ पासून वर्तमानपत्रांसाठी लिहिली, हे कुणाला ठाऊक होतं! अंगठीच्या ठोशाने गुंडाच्या जबड्यावर उमटणारी कवटी तेवढी ठाऊक होती. ती आम्ही शाईने एकमेकांच्या गालावर काढायचो आणि घरी गेल्यावर मार खायचो.

पण आता वाचताना कवटीच्या गुहेतल्या सिंहासनापाशीच अडखळलो. एक गोरा माणूस बसलेला, चारशे वर्षं त्याचंच घराणं, आणि भोवती काळी माणसं अदबीने उभी. भांडण त्यांचं, जमीन त्यांची, न्याय मात्र हा करणार. लहानपणी मी टॉवेल पाठीला बांधून सिंहासनावरचाच व्हायचो, भोवतीच्या गर्दीत कधीच नाही. आपण तर त्या गर्दीतले होतो गं! मूळ इंग्रजीत वेताळाच्या देशाचं नाव 'बंगाला' आणि चाच्यांचं 'सिंग'. आपल्याकडे छापताना त्यांचं 'डेंकाली' आणि 'सिंगा' झालं. म्हणजे संपादकांनाही कुठेतरी खुपलं असणार. विषारी बाण मारणाऱ्या बुटक्या जमातीचं नाव 'बांडर' मात्र तसंच राहिलं. हिंदीत बंदर म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. ही पानं लेकीला नुसती वाचून दाखवून पुढे जाऊ नकोस. थांब, तिला विचारू दे.

तरीही गठ्ठा रद्दीत घालावासा वाटला नाही. फॉक स्वतः बदलत गेला, हे सलग वाचल्यावरच दिसतं. १९६०च्या दशकात त्याने त्या देशाला डॉ. लुआगा हा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष दिला. लुआगा आफ्रिकी, शिकलेला, आणि लष्कराच्या जनरलसमोर न वाकणारा. वेताळाची प्रेयसी डायना पामर तर पहिल्यापासून नुसती सुटकेची वाट बघणारी नव्हती. ती संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करते, आणि १९७७ साली लग्न झाल्यावरही नोकरी सोडत नाही. आमच्या घरी तेव्हा तुझ्या आत्याच्या नोकरीवरून वाद चालले होते. हा वेताळ मला आजही हवा आहे.

आणि साय बॅरीची चित्रं! पांढऱ्या घोड्यावरचा वेताळ झाडांच्या काळ्या सावलीतून येतो ती चौकट बघ. झाडाचं एकेक पान काढलंय, पण वेताळाच्या मुखवट्यात डोळे नाहीत, नुसत्या दोन पांढऱ्या फटी. माझ्या बोटाचे जुने डाग त्याच पानावर सगळ्यात जास्त आहेत.

सगळ्यात जास्त वेळ नवा वेताळ शपथ घेतो त्या पानावर गेला. बाप मरणपंथाला लागलेला, मुलगा अमेरिकेतून धावत येतो आणि बापाच्या अंगठ्या आपल्या बोटांत घालतो. उजव्या हाताला कवटी, डाव्या हाताला रक्षणाचं चिन्ह, कारण डावा हात काळजाजवळ. तुझे आजोबा गेले तेव्हा मी रात्रीच्या एसटीत होतो, पोचलो नाही. ते पान वाचताना दर वेळी मला ती एसटी आठवते, आणि यापुढेही आठवेल.

एक मात्र सलतं. बाप ते मुलगा, बाप ते मुलगा, अशी एकवीस वेताळांची रांग, त्यात लेक एकही नाही. पण त्याच घराण्यात एक जूली होऊन गेली. सतराव्या वेताळाची जुळी बहीण. भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हा तिने त्याचा वेश चढवला आणि त्याची जागा घेतली. तो अंक माझ्याकडे नाही. रविवारी फोन लाव, ती गोष्ट लेकीला मीच सांगतो.

तुझा,
बाबा