रविवारी थिवी स्टेशनावर सह्या : पेन घेऊन या

नमस्कार मंडळी,
जादा लोकल गाड्यांच्या निवेदनावर येत्या रविवारी सकाळी १० वाजता थिवी स्टेशनाबाहेर सह्या घ्यायच्या आहेत. पेडणे, करमळी, वेर्ण्याच्या लोकांनीही तिथेच यावे. कागद घरोघर फिरवत बसलो तर चवथ उजाडेल.

मागणी साधी आहे: पेडणे ते मडगाव, कामाच्या वेळा धरून सकाळ-संध्याकाळ जादा गाडी. पण गोव्यात कोकण रेल्वेचा मार्ग एकेरी, त्यामुळे लांबच्या गाडीला वाट देत पॅसेंजर बाजूच्या रुळावर उभी राहते. परवा मी अशीच अडकले. डब्यातली उसळ गाडीतच संपली आणि हजेरीवर लाल शेरा पडला तो वेगळाच! म्हणून नुसते ‘गाड्या वाढवा’ नको, क्रॉसिंगच्या वेळांचेही लिहिले आहे.

भाड्याचे: करोनाकाळात किमान तिकीट १० वरून ३० रुपये झाले होते, २०२४ मध्ये ते परत १० वर आले. तिथेच राहावे, एवढेच म्हणणे. रोज जाणाऱ्यांनी तिमाही पास काढावा, तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो.

पासची झेरॉक्स आणा. पेनही आणा, गेल्या खेपेला एकाच पेनासाठी रांग लागली होती.