तू उठून गेलीस त्यानंतर

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी उपासना अर्ध्यावर टाकून तू मैत्रिणीचा हात धरून निघालीस आणि रात्री फोनवर म्हणालीस, "मम्मी, या ढोंगी लोकांत मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही." त्यावर वाद घालायला मी बसलेले नाही. एवढंच सांग, प्रार्थना चालू आहे ना?

आपल्या मंडळीच्या पंचांनी दारातच तुझ्या ट्रान्सजेंडर मैत्रिणीला जुन्या, मुलाच्या नावाने हाक मारली, सगळ्यांदेखत 'हा' म्हणाले आणि मागच्या बाकावर बसवलं. मग त्यांनीच पुढे जाऊन शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा शास्त्रपाठ वाचला. पप्पा यावर अजून बोललेले नाहीत. पण सोमवारी पहाटे ते बायबलमधलं पौलाचं गलतीकरांस पत्र उघडून बसले होते. त्यांचं कसं असतं, तुला ठाऊक आहे.

तो दुसरा अध्याय मग मीही काढला. परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी जाऊन 'देव पक्षपाती नाही' असं स्वतःच्या तोंडाने बोललेला प्रेषित पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत होता. अशी पंगत न खपणारी याकोबाकडची यहूदी माणसं आली आणि हा हळूच उठला. भ्याला, दुसरं काय! त्याच्यापायी पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्या ढोंगात ओढला गेला. पौलाने पेत्राला सर्वांसमोर तोंडावर सुनावलं. मंडळी मात्र सोडली नाही. तूही सुनाव, पण देवाशी अबोला धरू नकोस. बघ, पुन्हा तिथेच आले.

मागचा बाक कसा पडतो ते सांगते. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड मंडळीच्या सिनडने, म्हणजे तिच्या मुख्य सभेने, १८५७ साली ठराव केला. सर्वांनी एकत्र उपासना करावी हेच शास्त्राला धरून आहे, असं त्यात आधी मान्य केलं आणि लगेच पुढे, 'काहींच्या दुर्बलतेमुळे' अडचण होत असेल तर काळ्या विश्वासणाऱ्यांसाठी वेगळी इमारत चालेल, असं लिहिलं. दुर्बलता गोऱ्यांची, बाहेर जायचं दुसऱ्यांनी! वर्णभेदाच्या समर्थनाला जगातल्या रिफॉर्म्ड मंडळ्यांनी ओटावात पाखंड ठरवलं ते १९८२ साली. मधली सव्वाशे वर्षं ती बाहेर घातलेली माणसं प्रार्थना करतच होती ना? तुला एवढंही जमू नये? माफ कर. हे लागट झालं, आणि तुझी गोष्ट वेगळी आहे.

तुझ्या मैत्रिणीचं सगळं मला कळतं असं नाही. काही वचनं वाचताना अडखळते, ते तुझ्यापासून लपवत नाही. पण प्रेषितांच्या कृत्यांतला, कूशी लोकांच्या कांदके राणीचा तो षंढ अधिकारी आठवतो. नियमशास्त्राप्रमाणे त्याला देवाच्या मंडळीत प्रवेश नव्हता. तरी तो यरुशलेमेला भजनासाठी गेला आणि परतताना रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत बसला; तिथेच सुवार्तिक फिलिप्पाने त्याला गाठून बाप्तिस्मा दिला. तो वाचत होता तो भाग त्रेपन्नाव्या अध्यायातला. आणखी तीनच अध्यायांवर देव षंढांना पुत्र व कन्या यांच्याहून उत्तम नाव देण्याचं वचन देतो. संडे स्कूलमध्ये तू हात वर करून विचारलं होतंस, "फिलिप्पाने त्याला बाप्तिस्मा देताना कोणाची परवानगी घेतली?" बाईंना उत्तर सुचेना. आजीने ते महिनाभर येईल-जाईल त्याला सांगितलं. तेव्हा दात पडलेला होता तुझा, 'फिलिप्प' धड म्हणता येत नव्हतं.

रविवारी तुला जाताना पाहिलं तेव्हा छाती भरून आली, आणि पोटात गोळाही आला. राग माणसाला एकटं करतो, आणि एकटं पडल्यावर... जाऊ दे. विचारणार नाही.

पंचांबद्दल एकच. येशू परूश्यांना, त्या नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्यांना, ढोंगी म्हणाला तसा त्यांच्या घरी जेवलाही. लूक तीनदा सांगतो. निकदेम परूशीच होता, रात्री लपून आला, आणि वधस्तंभानंतर येशूला पुरायला गंधरस घेऊन उघड आला. पंच बदलतील असं मी म्हणत नाही. मला तरी तशी लक्षणं दिसत नाहीत. पाळकसाहेबांची वेळ मी मागितली आहे. पप्पा येणार आहेत. तुझ्या मैत्रिणीचं नाव आम्ही तिच्या संमतीशिवाय काढणार नाही, म्हणून तिला विचारून कळव. तू आलीस तर बरं, नाही आलीस तरी आम्ही जाणार.

काकांचा फोन आला तर उचल. ते त्या दिवशी गप्प बसले याचं तुला लागलंय. उत्तर देऊ नकोस हवं तर, ऐकून घे.

आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन शब्द, रागाचे असले तरी चालतील. दाविदानेही स्तोत्रांत तेच केलं.

प्रभूमध्ये तुझी,
मम्मी