‘ॲनालिटिक्स’मध्ये नक्की काय शिकवणार ते फी घ्यायच्या आधी सांगा

संपादक महोदय,
नमस्कार.

मे-जूनमध्ये तुमच्या पेपरात पान पान भरून जाहिराती येतात, बीबीए बिझनेस ॲनालिटिक्स, बीकॉम ॲनालिटिक्स, डेटा सायन्स अँड मॅनेजमेंट, आणि प्रत्येकीत लॅपटॉपसमोर हसणारा तोच एक मुलगा. त्या जाहिराती बघूनच आम्ही दारोदार फिरलो म्हणून पत्रही तुम्हालाच लिहितोय. माझी मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली आणि दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

मी स्वतः भिवंडीला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाऊनमध्ये एमआयएस बघतो, म्हणजे मालाचे आकडे शीटमध्ये भरून त्याचे रिपोर्ट काढतो, १९ वर्षं झाली. ॲनालिटिक्स हा शब्द आमच्याकडे कोणी वापरत नाही पण काम तेच. मध्यंतरी शेठने विचारलं ठाण्यातली पार्सलं एवढी परत का येतायत, आता शीट उघडली तर पत्त्याच्या कॉलममध्ये कोणी ठाणे लिहिलंय, कोणी ठाणा, कोणी ठाणे वेस्ट, एकाने तर नुसतंच ‘स्टेशनजवळ’. तो कॉलम साफ करायला मला तीन दिवस लागले आणि पिव्होट टाकायला, म्हणजे त्या आकड्यांचा गोषवारा तक्ता काढायला, दहा मिनिटं. त्यातून कळलं की दुपारी एक ते चारमधली पार्सलं जास्त परत येतात, पण का, ते शीटमध्ये नव्हतंच, ते ड्रायव्हरने सांगितलं, अहो साहेब त्या वेळेला घरी कोणी नसतं आणि वॉचमन पार्सल ठेवून घेत नाही. हे एवढं मला कळतं, म्हणून मुलीने ॲनालिटिक्स म्हटल्यावर मला बरंच वाटलं होतं.

मग एका खाजगी युनिव्हर्सिटीच्या ओपन डेला गेलो (नाव लिहीत नाही, तुम्ही छापणारही नाही). एसी हॉल, कापडी पिशवी, पेन, कॉफी, ब्लेझर घातलेला एक काउन्सेलर पोरगा. चार वर्षांचे १६ लाख. स्क्रीनवर हायेस्ट पॅकेज एवढं मोठं लिहिलेलं की मागच्या रांगेतून चष्म्याशिवाय दिसत होतं. मी विचारलं बाबा रे हायेस्ट राहू दे, मधल्या पोराला किती मिळतं, म्हणजे मीडियन किती? तो म्हणाला व्हॉट्सॲप करतो सर. मग विचारलं स्टॅटिस्टिक्सचे पेपर किती आणि कुठल्या सेमिस्टरला, तर म्हणे आमचा करिक्युलम इंडस्ट्री-रेडी आहे सर. तिसऱ्यांदा विचारल्यावर सेमिस्टरवाइज यादी ॲडमिशन कन्फर्म झाल्यावर पोर्टलवर दिसेल असं सांगितलं. आणि सीट ब्लॉक करायला २५ हजार आजच भरा, नॉन-रिफंडेबल! कुर्ल्याच्या मार्केटमध्ये भाजीवालासुद्धा कलिंगडाला चीर मारून दाखवतो हो. ते व्हॉट्सॲप अजून आलेलं नाही.

नॉन-रिफंडेबलवरून आठवलं, इतर पालकांना उपयोगी पडेल. यूजीसीचा म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा फी परताव्याचा नियम आहे, ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी रद्द केलंत तर पूर्ण फी परत, प्रोसेसिंगचे म्हणून जास्तीत जास्त ५ हजार कापता येतात. नंतर ९०, ८०, ५० टक्के असं कमी होत जातं आणि शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की काही नाही. ओरिजिनल मार्कशीटही अडकवून ठेवता येत नाही. मी हे त्या पोराला म्हटल्यावर तो मॅनेजरना बोलवायला गेला, आम्ही कॉफी संपवून निघालो.

आता डिग्रीच्या नावांचा घोळ. मुंबई युनिव्हर्सिटीचं बीएमएस (बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए एआयसीटीईच्या म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या खाली गेले आणि राज्याच्या सीईटी सेलने त्यांची वेगळी सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा सुरू केली, पहिल्याच वर्षी ती मेमध्ये घेऊन पुरेशी पोरं बसली नाहीत म्हणून ऑगस्टमध्ये परत घ्यावी लागली. मग बऱ्याच कॉलेजांनी काय केलं, कोर्सचं नावच बदललं, बीएमएसचं बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज झालं म्हणजे सीईटीची भानगडच नको. परवा शेजारच्या वहिनी विचारत होत्या भावोजी ह्यातलं ओरिजिनल कुठलं, काय सांगणार? नावावरून आत काय शिकवतात हे कळायची सोयच उरलेली नाही.

आणि मुख्य दुखणं मॅथ्सचं आहे. आपल्याकडे अकरावी कॉमर्सला मॅथ्स किंवा एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) असं निवडता येतं आणि अर्धा वर्ग मॅथ्सला घाबरून एसपी घेतो, आमच्या हिनेही तेच केलं. तीच पोरं मग ॲनालिटिक्सला जातात आणि कॉलेजवाले म्हणतात मॅथ्स कंपल्सरी नाही, नो प्रॉब्लेम. अहो प्रॉब्लेम कसा नाही? बालभारतीचं बारावी कॉमर्सचं मॅथ्सचं भाग दोनचं पुस्तक उघडून बघा, लिनिअर रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज काढणं), टाइम सिरीज, इंडेक्स नंबर्स, प्रोबॅबिलिटी सगळं त्यात आहे. एका ब्रोशरमध्ये दुसऱ्या वर्षाला ‘प्रेडिक्टिव्ह ॲनालिटिक्स’ म्हणून जो पेपर होता त्यातले पहिले दोन युनिट म्हणजे हेच, फक्त गुळगुळीत कागदावर. बाकी यादीत लीडरशिप, ग्रूमिंग, डिझाइन थिंकिंग. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा एसक्यूएल एका सेमिस्टरला, प्रोग्रामिंगची भाषा पायथन ‘व्हॅल्यू ॲडेड’ म्हणजे मार्कांना नाही आणि त्याची फी वेगळी.

मुलीला मी आयआयटी मद्रासचं ऑनलाइन डेटा सायन्स दाखवलं, २०२० पासून आहे, जेईई लागत नाही, बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला मॅथ्स-इंग्लिश हवं. आत शिरायला चार आठवड्यांचा क्वालिफायर म्हणजे चाळणीचा टप्पा असतो, आणि फाउंडेशनला काय तर मॅथ्स दोन, स्टॅट्स दोन, पायथन, सगळी यादी साइटवर उघडी, पैसे न भरता वाचता येते. यूजीसीने २०२२ पासून दोन डिग्र्या एकत्र करायला परवानगी दिलीय त्यामुळे साधं बीकॉम करता करताही हे होऊ शकतं. सोपं नाही, मध्येच सोडणारी पोरंही पुष्कळ ऐकली, पण निदान काय गिळायचंय ते ताटात आधी दिसतं.

माझी मागणी एवढीच आहे. सीईटी सेल आणि युनिव्हर्सिट्यांनी ॲडमिशनच्या पानावरच प्रत्येक कोर्ससमोर सेमिस्टरवाइज विषय, त्यांचे क्रेडिट, स्टॅट्स आणि कॉम्प्युटर शिकवणारे शिक्षक फुलटाइम की व्हिजिटिंग, आणि मागच्या बॅचचं मीडियन पॅकेज टाकणं सक्तीचं करावं. आणि तुम्हीही पूर्ण पानाची जाहिरात घेताना ही यादी तिच्या खाली छापायला सांगा, जागा भरपूर असते, तो हसणारा मुलगा थोडा बारीक करा.

आमचं सध्या असं ठरलंय की मुलुंडमध्येच बीकॉम, लोकलचे धक्के वाचले, आणि संध्याकाळी क्वालिफायर. एसपी घेतल्याची भरपाई म्हणून सेकंडहँड दुकानातून मॅथ्सचं ते भाग दोनचं पुस्तक ४० रुपयांना आणलंय. काल जेवणाच्या टेबलावर रिग्रेशनची गणितं हाताने सोडवत बसली होती, मला विचारलं बाबा, हे बी-वाय-एक्स म्हणजे काय. मी म्हटलं एक्सेलमध्ये स्लोपचा फॉर्म्युला असतो. म्हणाली ते नको, हे कुठून आलं ते सांगा. मी पाणी आणायला उठलो.

आपला,
एक पालक, मुलुंड (पूर्व)