सुईआधीचे आणि सुईनंतरचे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘दोन्ही गुडघ्यांतली गॅप संपली आहे, बदलावेच लागतील, ऑपरेशन नको असेल तर इंजेक्शने आहेत’ एवढ्या डॉक्टरांच्या सहायकाच्या एका वाक्यावर तू काळजी करीत बसला आहेस आणि कोणते इंजेक्शन घेऊ, असे मला विचारतो आहेस. मी डॉक्टर नाही. पण माझा उजवा गुडघा गेली सात वर्षे याच वाटेने मला नेतो आहे, आणि या सात वर्षांत मी काही सुया योग्य वेळी, तर काही निव्वळ घाईने टोचून घेतल्या. त्या अनुभवातून आणि दरम्यान जे वाचले त्यातून जे हाती लागले, ते सविस्तर लिहितो. निर्णय मात्र तू तुझ्या डॉक्टरांशी बोलूनच घे.

प्रथम त्या गॅपविषयी. एक्स-रेत दोन हाडांमध्ये जी मोकळी जागा दिसते ती खरे तर कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाची असते, आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. म्हणूनच एक्स-रे उभे राहून, गुडघ्यावर वजन देऊन काढलेला असावा लागतो. आडवे झोपून काढलेल्या चित्रावरून गॅपचा नीट अंदाज येत नाही. तुझा कसा काढला होता, हे आधी पाहा. या झिजेच्या (ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या) शून्य ते चार या पायऱ्या केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी 1957 साली मांडल्या आणि अहवालात ‘ग्रेड 3’, ‘ग्रेड 4’ असे जे लिहिलेले असते ते त्यांचेच. परंतु या पायरीचे आणि दुखण्याचे प्रमाण जुळतेच असे नाही. चौथ्या पायरीचा गुडघा घेऊन रोज तासभर फिरणारी माणसे आहेत आणि दुसऱ्या पायरीवर रडकुंडीला आलेलीही आहेत. याचे कारण असे की कूर्चेला चेतातंतूच नसतात. ती झिजते, पण स्वतः दुखत नाही. दुखते ते सांध्याच्या आतले सुजलेले अस्तर, कूर्चेखालचे भार सोसून सोसून हुळहुळे झालेले हाड, वाटीमागची चरबीची गादी, आजूबाजूचे स्नायुबंध, आणि वर्षानुवर्षे तक्रारी वाहून नेताना अतिसंवेदनशील झालेल्या नसा.

हे सारे एवढ्यासाठी सांगितले की बाजारात असलेली प्रत्येक सुई यांपैकी एखाद्याच ठिकाणावर काम करते. कोणती अस्तरावर, कोणती नसेवर, कोणती रक्तवाहिनीवर. झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारी, सिद्ध झालेली सुई आज उपलब्ध नाही. म्हणून ‘कोणते इंजेक्शन घेऊ’ हा प्रश्न ‘माझे दुखणे नेमके कुठून येते आहे’ या प्रश्नानंतर विचारायचा असतो, आणि मी तो आधी विचारला, ही माझी पहिली चूक.

माझे पहिले इंजेक्शन स्टेरॉइडचे होते. गुडघा सुजलेला होता, पाणी झाले होते. डॉक्टरांनी ते काढले आणि त्याच सुईच्या वाटेने औषध आत सोडले. तिसऱ्या दिवशी मी जिना उतरताना कठड्याला हात लावायचे विसरलो, एवढा आराम पडला. हे सुख पाच आठवडे टिकले. सहाव्या आठवड्यात दुखणे परतले, तेव्हा मी दुसरे घेतले. ते तीन आठवडे पुरले. तिसऱ्याच्या वेळी डॉक्टरांनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. त्या बाईंनी गुडघा वाकवून पाहिला, मांडीचा घेर टेपने मोजला (उजवी मांडी डावीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक भरली) आणि शांतपणे विचारले, “ज्या पाच आठवड्यांत दुखत नव्हते, त्या पाच आठवड्यांत तुम्ही काय केलेत?”

मी काहीच केले नव्हते. दुखत नाही म्हणून आनंदाने बसून होतो.

त्या प्रश्नाभोवतीच माझे हे पत्र फिरते आहे. स्टेरॉइड सुजलेले अस्तर शांत करते; परिणाम काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतो. 2017 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 140 रुग्णांना दोन वर्षे दर बारा आठवड्यांनी ट्रायअ‍ॅम्सिनोलोन हे स्टेरॉइड किंवा नुसते मिठाचे पाणी टोचण्यात आले. दोन वर्षांअखेर दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता, मात्र स्टेरॉइडच्या गटात कूर्चा अधिक पातळ झालेली दिसली: सरासरी 0.21 मिलिमीटर, दुसऱ्या गटात 0.10. म्हणजे सूज भडकलेली असताना एखादे इंजेक्शन समजण्यासारखे आहे. नियमित हप्त्याप्रमाणे घेत राहणे हा वेडेपणा आहे, आणि मी तो करायला निघालो होतो. तुला साखरेचा त्रास आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. या इंजेक्शननंतर काही दिवस रक्तातली साखर चढते, तेव्हा ती रोज तपास. आणि पुढे गुडघा बदलायचे ठरलेच, तर त्याआधीच्या तीन महिन्यांत हे इंजेक्शन टाळतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

त्या बाईंनी दिलेला पहिला व्यायाम तुला हसू येईल इतका साधा होता. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, आणि ती गुंडाळी गुडघ्याने खाली दाबून मनात दहा आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी माझी मांडी सहाव्या आकड्यालाच थरथरू लागली. वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू आवळला जातो की नाही, हे त्या बाई बोटाने चाचपून पाहत, आणि तो आवळला जात नव्हता. दुखऱ्या सांध्याभोवतीचा स्नायू काम करायचेच सोडून देतो म्हणे. तीन आठवड्यांनी खुर्चीतून हात न टेकता उठणे आले, मग छोट्या पायरीवर चढ-उतार, मग नितंबाचे व्यायाम, कारण कंबरेखालचा आधार ढिला असेल तर चालताना गुडघा आत कलतो. व्यायामाने थोडे दुखते, ते चालते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते दुखणे मूळच्या पातळीवर आले नाही तर मात्र आदल्या दिवशी जास्त झाले असे समजायचे. हा एक नियम मला सर्वांत अधिक उपयोगी पडला. 2020 साली 156 रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत अर्ध्यांना स्टेरॉइड आणि अर्ध्यांना फिजिओथेरपी दिली होती. वर्षअखेरीस 0 ते 240 या त्रासाच्या मापावर इंजेक्शनचा गट सरासरी 55.8 वर होता आणि फिजिओथेरपीचा 37.0 वर. कमी आकडा म्हणजे कमी त्रास.

वजनाचा विषय तुझ्याशी काढणे मला जिवावर येते, तरीही काढतो. वजनदार आणि गुडघे दुखणाऱ्या माणसांच्या चालण्याचे मोजमाप करून 2005 साली असे आढळले की शरीराचे वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. दिवसाची पावले मोज आणि गुणाकार तूच कर. आता वजनाच्या औषधांनीही या प्रश्नात प्रवेश केला आहे. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या, 407 जणांच्या 68 आठवड्यांच्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी 13.7 टक्के उतरले, आणि शंभरच्या मापावर त्यांचे दुखणे 41.7 अंकांनी कमी झाले. खोटी, म्हणजे औषध नसलेली सुई घेणाऱ्यांचे 27.5 अंकांनी. खोट्या सुईच्या गटातही एवढा फरक पडतो, हा आकडा नीट ध्यानात ठेव. पुढच्या सगळ्या वाचनात तो कामी येईल.

त्या सहायकाने ‘वंगणाचे इंजेक्शन’ म्हटले असेल, तर ते हायल्युरॉनिक आम्ल. सांध्यातल्या द्रवात ते नैसर्गिकपणे असते आणि झिजेत ते पातळ होते, म्हणून बाहेरून भरायचे, ही कल्पना. त्याचे काही प्रकार कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात, हे कळले तेव्हा मी अर्धा तास त्या तुऱ्याचाच विचार करत होतो. कल्पना देखणी आहे. परंतु मोठ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर मिठाच्या पाण्यापेक्षा मिळणारा फायदा फारच थोडा भरतो, आणि उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2022 च्या मार्गदर्शनात ते देऊ नये असेच म्हटले आहे. काही डॉक्टर सौम्य झिजेत अजूनही देतात आणि काही रुग्णांना बरे वाटते. मी घेतले नाही.

आपलेच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटचा (रक्त गोठायला मदत करणाऱ्या कणांचा) अंश गुडघ्यात सोडण्याच्या पीआरपीविषयी (प्लेटलेट-रिच प्लाझ्माविषयी) मत अजून दुभंगलेले आहे. लहान अभ्यासांत चांगले निकाल आले, पण ऑस्ट्रेलियातल्या 288 जणांच्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने देऊनही वर्षभराने दुखणे किंवा कूर्चा यांत मिठाच्या पाण्याहून निराळे काही दिसले नाही. रक्त किती वेळ फिरवायचे, प्लेटलेट किती दाट करायच्या, यांत एकवाक्यता नाही, त्यामुळे दोन दवाखान्यांतले पीआरपी ही एकच वस्तू असते असेही समजू नकोस.

स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचारावर मात्र मी थोडा रागावून लिहिणार आहे. एका दवाखान्यात मला डॉक्टर भेटण्याआधी एक ‘सल्लागार’ भेटले. त्यांनी गुळगुळीत कागदावर छापलेली दोन चित्रे पुढे सरकवली, आधीचा गुडघा आणि नंतरचा गुडघा. मी निरखून पाहिले तर एक डावा होता आणि दुसरा उजवा. विचारल्यावर ते म्हणाले, “छपाईत उलटे झाले असेल.” मी उठून आलो. 2023 साली 475 जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात तीन वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींची तुलना साध्या स्टेरॉइडशी केली होती, आणि वर्षअखेरीस एकही प्रकार स्टेरॉइडहून सरस ठरला नाही. अधिक काय लिहू?

आता त्या उपचाराविषयी, ज्याचा मला स्वतःला उपयोग झाला. गुडघ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या बारीक नसांना जेनिक्युलर नसा म्हणतात. त्यांतल्या तिघींना, वरच्या दोन्ही बाजूंच्या आणि खालच्या आतल्या बाजूच्या, उष्णता देऊन काही काळ निकामी करतात. याला रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन म्हणतात. खालच्या बाहेरच्या बाजूला सहसा हात लावत नाहीत, कारण तिथे पाऊल उचलणारी मोठी नस जवळून जाते. थेट जाळत नाहीत, आधी चाचणी घेतात: त्या जागी नुसते भूल देणारे औषध सोडतात आणि घरी जाऊन जिना चढा, फिरा, दुखण्याचे आकडे लिहून ठेवा असे सांगतात. दुखणे निम्म्याहून कमी झाले तरच पुढची पायरी. माझे आठवरून दोनवर आले, आणि तेही चार तासच. पण त्या चार तासांनी दुखण्याचा उगम सांगितला.

प्रत्यक्ष दिवशी मी जागाच होतो. एक्स-रेच्या पडद्यावर सुईचे टोक हाडाच्या वळणावर टेकलेले दिसत होते. डॉक्टरांनी आधी हलका विजेचा प्रवाह सोडला आणि विचारले, “नेहमीचे दुखणे इथेच जाणवते का?” मला अगदी तेच, ओळखीचे, खोल ठणकणे जाणवले, जणू कोणी माझ्याच घराची घंटा वाजवली. मग प्रवाहाचा वेग बदलून डॉक्टर माझ्या पावलाकडे पाहत राहिल्या. पाऊल फडफडले असते तर सुई चुकीच्या नसेजवळ आहे असा अर्थ. ते हलले नाही. मग भूल, मग साधारण 80 अंश सेल्सिअसवर दीड मिनिट, आणि असे तीनदा. पुढचे दहा दिवस गुडघा भाजल्यासारखा हुळहुळत होता, याची सूचना मला आधी नीट मिळाली नव्हती, म्हणून तुला देतो. नंतर नऊ महिने चांगले गेले. नस पुन्हा वाढते, दुखणे हळूहळू परत येते, तेव्हा हा उपचार पुन्हा करता येतो. रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगावे लागते.

या नऊ महिन्यांत मात्र मी बसून राहिलो नाही. टॉवेल, खुर्ची, पायरी. मांडीचा तो दोन सेंटिमीटरचा फरक आता अर्ध्यावर आला आहे.

आणखी एक नवा मार्ग आहे, जेनिक्युलर आर्टरी एम्बोलायझेशन. सुजलेल्या अस्तरात नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्यासोबत नव्या नसाही येतात. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून त्या वाहिन्यांत सूक्ष्म कण सोडतात व रक्तप्रवाह रोखतात. जपानमधल्या ओकुनो यांनी हे प्रथम गुडघ्यावर करून 2015 साली प्रसिद्ध केले. अंगावर टाका येत नाही आणि त्याच दिवशी घरी जाता येते. मला त्यामागचा तर्क पटतो, परंतु खोट्या उपचाराशी पडताळून पाहिलेला पुरावा अजून थोडा आहे. म्हणून सूज ठळक असेल, व्यायाम आणि इंजेक्शन करून झाले असेल, आणि ऑपरेशन शक्य नसेल, अशांनीच त्याचा विचार करावा असे माझे मत आहे.

गोळ्यांबाबत एवढेच की वेदनाशामक गोळी रोज गिळण्याआधी डायक्लोफेनॅकचे मलम काही आठवडे नेमाने लावून पाहा. गुडघा त्वचेपासून फार खोल नसतो आणि पोट-मूत्रपिंडांना धोका बराच कमी राहतो. आणि काठी घ्यायची झाली तर ज्या बाजूचा गुडघा अधिक दुखतो त्याच्या विरुद्ध हातात धर. मी तीन महिने चुकीच्या हातात धरून हिंडलो आणि कोणी सांगितले नाही.

शस्त्रक्रियेला मी विरोध करतो आहे असे समजू नकोस. रात्री झोपेतून दुखण्याने जाग येऊ लागली, पाय वाकडा होत चालला, घरातल्या घरात फिरणेही अवघड झाले, तर वर्षानुवर्षे सुयांवर काढण्यात अर्थ नाही. पण तू अजून सकाळी भाजी आणायला चालत जातोस, असे तूच लिहिले आहेस.

पुढच्या भेटीला जाशील तेव्हा तो एक्स-रे उभ्याने काढला होता का, सूज आहे का आणि असेल तर कुठे, आणि सुचवलेली सुई नेमकी कशावर काम करते, एवढे विचारून घे आणि उत्तरे मला कळव. तोवर टॉवेल गुंडाळून आजपासूनच सुरू कर. कितव्या आकड्याला मांडी थरथरते, तेही पत्रात लिही.

तुझा,
उजव्या गुडघ्याचा मित्र