विषय: गरम झाल्यावर गाडी स्टार्ट होत नाही, आणि तुमच्या वर्कशॉपनं बदललेले नको ते पार्ट

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर साहेब,

नमस्कार. परवा फोनवर तुमच्या बाईंनी माझं आडनाव ऐकलं आणि एकदम मराठीत सुरू झाल्या, म्हणाल्या ताई सगळं लेखी पाठवा, मराठीत चालेल. म्हणून पाठवतेय. पत्र लांबेल, कारण चार वेळा तोंडी सांगून झालंय आणि चारही वेळा जॉब कार्डावर एकच ओळ पडली, "स्टार्टिंग प्रॉब्लेम". अहो तसा स्टार्टिंग प्रॉब्लेम नाहीच आहे! सकाळी साडेसहाला चावी फिरवली की टुणकन गाडी चालू. प्रॉब्लेम आहे तो गरम गाडीचा. हे दोन वेगळे आजार आहेत हे मला डबेवालीला कळतं, तुमच्या वर्कशॉपला कळत नाही.

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, डब्यांचा व्यवसाय आहे. दुपारी अन्नपूर्णा, राजेंद्र नगर, मग भंवरकुआंला कोचिंगवाल्या पोरांचे डबे, शेवटी पलासियाची दोन ऑफिसं. म्हणजे गाडी दिवसातून दहाबारा वेळा बंद करायची, परत चालू करायची, आणि तीही मे महिन्याच्या उन्हात. गाडी तुमचीच, पेट्रोल, नोव्हेंबर २०२२ ला घेतलेली, ३८ हजार किलोमीटर झालेत, एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे वेगळे भरलेत, नोव्हेंबर २०२७ पर्यंत आहे.

मार्चपासून डब्यांच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय. पाचेक मिनिटांचा थांबा असेल तर काही नाही, लगेच चालू. पंधरा मिनिटं ते पाऊण तास थांबली की मेली, सेल्फ फिरतोय फिरतोय, आठ-दहा सेकंद, गाडी पकडतच नाही, मग एकदम भुसभुस करत उठते आणि थोडा वेळ लंगडते. तीन तास उभी राहिली की परत शहाणी. चेक इंजिनचा दिवा एकदाही लागलेला नाही. भंवरकुआंला भर रस्त्यात मागे बस हॉर्न मारतेय आणि मी सेल्फ मारतेय, डिकीत बावीस डबे, वरणभात थंड होतोय. हे मी नऊ वेळा लिहिलंय, नंतर लिहायचा कंटाळा आला.

आता तुमच्या लोकांनी काय केलं ते. पहिल्यांदा बॅटरी बदलली, ५,२०० रुपये. म्हणे इंदूर की गर्मी है मॅडम. मी विचारलं, सेल्फ तर जोरात फिरतोय, बॅटरी कमजोर असती तर घर्रघर्र करून दम सोडला असता ना? उत्तर नाही. दुसऱ्यांदा प्लग आणि थ्रॉटल बॉडीची (इंजिनात हवा सोडणारी झडप) सफाई, २,९०० रुपये. तिसऱ्यांदा कूलंट टेंपरेचरचा सेन्सर (इंजिनचं पाणी किती तापलंय ते सांगणारा), १,६०० रुपये. चौथ्यांदा म्हणाले सेल्फची मोटरच बदला, नऊ हजार. तेव्हा मी हात जोडले. मध्ये एकदा पेट्रोलातल्या इथेनॉलवर पण ढकलून झालं. अहो तुमचीच, हीच गाडी आमच्या समोरच्या काकांकडे आहे, तेही त्याच पंपावर भरतात, त्यांची कशी फटकन चालू होते? आणि दर वेळी ते वाक्य, "मैडम, सर को भेज दीजिए, उनको समझा देंगे." आमच्या ह्यांना बॉनेट उघडायचा खटका कुठे असतो ते पण माहीत नाही.

सगळ्यात राग याचा येतो की चारही वेळा गाडी रात्रभर वर्कशॉपमध्ये ठेवली, सकाळी थंडगार गाडी चालू केली, आणि लिहून दिलं "नो फॉल्ट फाउंड". ताप आला की डॉक्टरकडे जायचं आणि त्याने ताप उतरल्यावर थर्मामीटर लावायचा, असं झालं हे.

शेवटी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवली. चाचा आधी तासभर नुसतं विचारत बसले, चहा प्यायले, मग म्हणाले उद्या डबे वाटून सरळ माझ्याकडे ये, मध्ये कुठे थांबू नकोस. गेले. गाडी बंद केली, बॉनेट बंदच ठेवलं आणि वीस मिनिटं बसून राहिलो. ते म्हणाले इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, वाराही लागत नाही, म्हणून बॉनेटच्या आत उलट जास्त तापतं, खरी परीक्षा तेव्हाच. मग चावी मारली, झाला तोच तमाशा. मीटरवर आरपीएमचा काटा हलत होता, म्हणून क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा) जिवंत आहे म्हणाले. मागून काळा धूर नाही, पेट्रोलचा वास नाही, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला तरी फरक नाही, म्हणजे इंजिन पेट्रोल जास्त होऊन गुदमरत नाहीये.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला तुमच्या लोकांची खरंच लाज वाटली. दुसऱ्या वेळी गरम झाल्यावर सेल्फ मारायचा नाही, चावी नुसती ऑन करायची, मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद गूंऽ आवाज येतो तो संपू द्यायचा, चावी बंद, परत ऑन, असं तीनदा, आणि मग सेल्फ. साहेब, एका झटक्यात चालू! सहा दिवस करून बघितलं, सहाही दिवस चालू. म्हणजे पेट्रोलचं प्रेशर गाडी बंद केल्यावर टिकत नाही, इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं, म्हणजे रेलमधलं, पेट्रोल त्या उष्णतेनं वाफ होतं, आणि वाफेवर गाडी पकडणार कशी. सकाळी प्रेशर गेलेलंच असतं, पण थंड असतं म्हणून पंपाची एक फेरी पुरते.

तरी चाचा म्हणाले अंदाजावर पार्ट नाही बदलायचा (हे वाक्य तुमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर लावा). पेट्रोलच्या लाईनमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून प्रेशरचा गेज लावला. चालू असताना ३.८ बार. बंद केल्यावर चार मिनिटांत एकच्या खाली. मग तसंच परत प्रेशर भरून गेजच्या टाकीकडच्या बाजूचा कॉक बंद केला, तर काटा अर्धा तास जागचा हलला नाही. इंजेक्टर गळत असते तर तरीही उतरला असता. म्हणजे गळती टाकीच्या बाजूला, पंपाच्या असेंब्लीत. चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल टाकीत परत जाऊ न देणारी झडप) असेल नाहीतर त्याच असेंब्लीतला रेग्युलेटर (प्रेशर नेमकं ठेवणारा), बदलायची ती एकच वस्तू. गेजचे फोटो वेळेसकट जोडलेत.

आणि हो, तुम्ही काढून दिलेला जुना कूलंटचा सेन्सर मी फेकला नव्हता. चाचांनी माझ्याच स्वयंपाकघरात चहाच्या पातेल्यात बुडवून मीटर लावला. पाण्याबाहेर सतराशे ओहमच्या आसपास, उकळत्या पाण्यात दोनशेच्या खाली, मधे कुठे उडी नाही. तापला की ओहम असे हळूहळू उतरायलाच हवेत. चांगला होता. पातेलं मात्र आता चहाला वापरत नाही.

मला हवं आहे ते असं. पंपाची पूर्ण असेंब्ली वॉरंटीत बदला. बॅटरी, प्लग-सफाई आणि सेन्सर मिळून ९,७०० रुपये परत करा, चारही जॉब कार्डांच्या कॉपी सोबत आहेत. आणि काम झाल्यावर गाडी रात्रभर ठेवून सकाळी दाखवायची नाही. मी दुपारी दीडला डबे संपवून गरम गाडी घेऊन येईन, माझ्यासमोर वीस मिनिटं बॉनेट न उघडता उभी राहील, मग तुमच्या अॅडव्हायझरने स्वतः चावी मारायची, एकदाच, मधे ऑन-ऑफ न करता. चालू झाली तर मी सही करीन.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर हीच फाइल घेऊन ग्राहक आयोगात जाईन, वकील आमच्या डब्याचेच गिऱ्हाईक आहेत. सोमवारी मात्र बोलवू नका, सोमवारी साबुदाण्याच्या ऑर्डरी दुप्पट असतात.

आपली,
ग्राहक, लोकमान्य नगर, इंदूर

ता. क. सर को भेजणार नाही. मीच येईन.