प्लेअर माझ्याकडेच होता

प्रिय बंड्या,

सात महिने तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही, आधी त्याबद्दल शिव्या घालून घे. झाल्या? आता नीट बस, कारण पुढचं वाचून आणखी घालणारेस.

प्लेअर सापडला. तोच, आपल्या वर्गणीतला, गाणी ऐकायचा आणि आवाज रेकॉर्ड करायचा. माझ्या काळ्या जर्किनच्या अस्तरात होता ११ वर्षं. आतला खिसा फाटलेला, तिथून घसरून पाठीमागे जाऊन बसला होता, आणि मी तेच जर्किन घालून तुला ओरडत होतो की तूच ट्रेनमध्ये विसरलास. दीड वर्ष बोललो नव्हतो आपण. माफ कर. एकदाच मागतोय हां, दर भेटीला मागायला लावू नकोस.

सापडला कुठे, तर वॉशिंग मशीनमध्ये! कपाटावरची जुनी बॅग काढली, पोराला होईल म्हणून जर्किन धुवायला टाकलं, आणि ड्रम फिरताना टक टक टक. मला वाटलं चेनचा आवाज. धुणं, खळबळणं, पिळणं, सगळं पूर्ण झालं रे. हातात आला तेव्हा माझा अंगठा पहिला कुठे गेला असेल सांग? पॉवर बटणावर. दाबलं पण. तेच करायचं नसतं, आणि मी दुसऱ्यांना हे शहाणपण शिकवत फिरतो! पण काहीच झालं नाही, कारण बॅटरी कधीच मेलेली. नुसत्या पाण्याने सर्किट लगेच मरत नाही, ओलं असताना करंट फिरला की तांबं खायला सुरुवात होते, ती हिरवी बुरशीसारखी पुटं येतात ना, तीच. म्हणजे गडी आधीच बेशुद्ध होता म्हणून बुडताना वाचला. तुझ्यासारखाच, ट्रेकला विहिरीत पडलेलास तेव्हा.

घरात लगेच, तांदळात ठेव तांदळात ठेव. मी म्हणलं तांदूळ काही आतलं पाणी ओढून घेत नाही, उघड्यावर ठेवण्यापेक्षा वेगळं काही होत नाही, वर त्याची भुकटी सॉकेटमध्ये जाते. आणि पाणी उडालं तरी साबण आत राहतोच की, तो हवेतली ओल धरून ठेवतो. यावर अर्धा तास भांडण. मी जिंकलो, पण जेवण उशिरा मिळालं.

मग उघडला. चार स्क्रू, दोन क्लिपा तुटल्या (एक तू आधीच तोडलेली, ती माझ्या नावावर नको). बॅटरी उशीसारखी फुगलेली. वायरी एकेक करून कापल्या, दोन्ही एकदम कापल्या तर कटरमधूनच शॉर्ट होतं. मीटरवर ०.४ व्होल्ट, असायला हवेत ३.७ च्या आसपास. इतकी उतरलेली लिथियम बॅटरी परत चार्जिंगला लावायची नसते, आतल्या आत शॉर्ट होऊन पेटू शकते. ती वाळूच्या डब्यात बाहेर ठेवलीय, ई-कचऱ्यात द्यायचीय. आतला सर्किट बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरने धुतला. ओल्या वस्तूला परत पाणी, म्हणून घरात माझ्याकडे बघत होते ती नजर तुला माहितीये. पण साबण पाण्यानेच जातो. मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश. घरात ७० टक्केवालं होतं, पण त्यात उरलेलं पाणीच की. स्क्रीन बाजूला ठेवली, तिच्या थरांत द्रव शिरला की डाग बसतो तो बसतोच. नंतर पंख्याखाली चार दिवस. हेअर ड्रायर हातात घेतला नाही. सुम्याच्या कॅल्क्युलेटरचं काय झालेलं आठवतंय ना, त्यातला ७ अजून तिरका असेल.

आता खरं सांगतो, चार दिवस वाट बघितली ती वाळायची नव्हतीच, तो दोन दिवसांतच वाळला होता. मला भीती वाटत होती. पाण्याची नाही, वर्षांची. त्या मेमरी चिपमध्ये सगळं इवल्याशा चार्जच्या रूपात साठवलेलं असतं, आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू गळतो. दहा वर्षं टिकेल असं धरतात साधारण. आपली ११ झाली. म्हणजे मशीनमध्ये पडला नसता तरी कदाचित सगळं पुसलं गेलं असतं, बॅगेत, कोणाला न कळता. अभ्या गेला, त्याचा आवाज या प्लेअरशिवाय आता दुसरीकडे कुठेच नाही रे. त्याच्या घरी मी मागेच विचारलं होतं, फोटो आहेत फक्त. रात्री उठून दोनदा प्लेअरपाशी गेलो, बघून परत आलो. कोणाला सांगणार, इथे सगळ्यांना वाटतंय मी एका जुनाट खेळण्यापायी वेडा झालोय.

शेवटी काल प्लस-मायनसमध्ये शॉर्ट नाही ना ते मीटरने बघितलं, नवीन सेल जोडला, आणि डोळे मिटून बटण दाबलं. स्क्रीनवर अर्धा काळा डाग, उरलेल्या अर्ध्यात लोगो! आवाजाच्या बटणांपैकी फक्त वाढवायचं चालतंय, कमी करायचं नाही. अभ्या असता तर यावर काहीतरी बोलला असता. कॉम्प्युटरला लावला तर रेकॉर्डिंगच्या ९ फाईल दिसल्या. दोन उघडत नाहीत. सातवी ४ मिनिटं १२ सेकंदांची आहे, म्हणजे तीच, अभ्याची. दोन ठिकाणी कॉपी करून ठेवली. ऐकली नाही. माउस तिच्यावर नेला आणि परत आणला.

बाकी माझं बीपी ठीक, गोळी चालू. तुझ्या बदलीचं काय झालं? काकूंचा गुडघा कसाय? पोरगी दहावीला ना, की झाली? लिही सगळं.

आणि फाईल पाठवू की येतोस? येणार असशील तर हेडफोन तुझा आण, माझा त्याच धुण्यात होता.

तुझा,
पक्या