लांडगा ओळखीचा असतो

व्हर्मॉन्ट, मार्च

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की, ‘पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो, असले सिनेमे तू या वयात बघतेस?’ त्या वेळी मी ते हसण्यावारी नेले, पण प्रश्न मनात राहिला. इथल्या लांबलेल्या हिवाळ्यात मी असे पंधरा-वीस चित्रपट पाहिले, त्यांतले निम्म्याहून अधिक सुमार होते, आणि तरीही पुढचा लावण्याचा मोह मला आवरला नाही. असे का, याचा विचार केल्यावर जे सुचले ते सविस्तर लिहिते.

या चित्रपटांचा साचा सांगायला फार वेळ लागत नाही. डोंगराच्या कुशीतले एक लहान गाव असते, त्यात एकच मोठा रस्ता, एक चर्च, एक बार आणि ज्याला सगळे नावाने हाक मारतात असा एक शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख. पहिले प्रेत सापडते तेव्हा शेरीफ म्हणतो की हे अस्वलाचे काम असावे. दुसरे सापडते तेव्हा गावकरी बंदुका काढतात. भूत गतकाळातून येते आणि व्हॅम्पायर परदेशातून पेटीत निजून येतो, परंतु वेअरवुल्फ, म्हणजे हा लांडगा-माणूस, कुठूनही येत नाही. तो गावातच राहत असतो. महिन्यातले सत्तावीस-अठ्ठावीस दिवस तो लोकांची पत्रे पोहोचवतो, दुकानाचा गल्ला सांभाळतो, आणि आपणच मारलेल्या माणसाच्या अंत्यविधीला काळा कोट घालून उभा राहतो. माझ्या मते या चित्रपटांची खरी गोडी पौर्णिमेच्या रात्रीत नाही, ती या मधल्या दिवसांत आहे.

‘सिल्व्हर बुलेट’ या १९८५ सालच्या चित्रपटाचे उदाहरण देते. शेवट सांगितल्याशिवाय मुद्दा पटणार नाही, तेव्हा रागावू नका. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या टार्कर्स मिल्स नावाच्या काल्पनिक गावात १९७६ साली एकामागून एक खून पडत आहेत. मार्टी हा चाकाच्या खुर्चीतला मुलगा रात्री एकटाच पुलावर फटाके उडवत असताना ते जनावर त्याच्यावर चालून येते, आणि तो हातातला अग्निबाण थेट त्याच्या डोळ्यात सोडतो. ‘लांडगा आला रे आला’ म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट तुम्हीच मला लहानपणी सांगितली होतीत. तिथे पोर खोटे बोलत होते, इथे पोर खरे बोलते आणि तरीही मोठ्या माणसांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. विश्वास ठेवते ती फक्त त्याची बहीण. दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या बाटल्या आणि डबे गोळा करण्याच्या निमित्ताने गावभर दारोदार फिरते आणि प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याकडे पाहते, कारण ज्याचा एक डोळा गेला असेल तोच तो.

मामा, संपूर्ण चित्रपटात मला सर्वांत भीती वाटली ती या प्रसंगाची. भर उन्हाची वेळ आहे, रक्ताचा थेंब नाही, पार्श्वसंगीताचा गोंगाटही नाही. एक मुलगी ओळखीच्या माणसांना जणू प्रथमच नीट पाहते आहे. हे काका, दोन्ही डोळे शाबूत. या काकू, दोन्ही शाबूत. एकेक नाव यादीतून गळते, आणि प्रत्येक वेळी तिला हायसे वाटते तितकीच यादी आखडत जाते. अखेर ज्याच्या डोळ्यावर पट्टी दिसते तो त्या गावचा धर्मोपदेशक असतो, म्हणजे साऱ्या अंत्यविधींत मृतांसाठी प्रार्थना म्हणणारा माणूस.

या परंपरेचे मूळ मात्र अमेरिकेच्या गावात नाही. १९४१ सालच्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये वेल्समधले एक खेडे आहे, आणि अमेरिकेत अठरा वर्षे काढून वाडवडिलांच्या घरी परतलेला लॅरी टॅलबॉट तिथे शापित होतो. पुढचा बळी ज्याचा जाणार असेल त्याच्या तळहातावर लॅरीला पाच टोकांचा तारा दिसतो. हे कथानक कर्ट सिओडमॅक यांनी लिहिले, आणि ज्यूंना ओळखीसाठी कपड्यांवर तारा लावायला भाग पाडणाऱ्या नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या ज्यू लेखकाच्या लेखणीतून हा तारा उमटला हे कळल्यावर तो प्रसंग पूर्वीसारखा पाहता येत नाही. निर्मळ मनाचा माणूसही लांडगा होऊ शकतो, असे सांगणारा त्या चित्रपटातला पद्यबंध लोकांना पुरातन लोकगीत वाटतो. प्रत्यक्षात तोही सिओडमॅक यांनीच रचलेला आहे. शेवटी टॅलबॉटला मारतो तो त्याचा बाप, चांदीच्या मुठीच्या काठीने, आणि आपण कोणाला मारले हे त्याला देह पुन्हा माणसाचा झाल्यावरच समजते.

चंद्राविषयी थोडे लिहायला हवे, कारण तुम्हाला पंचांगातली चूक तत्काळ दिसते. पौर्णिमेची अट आज आपण गृहीत धरतो, पण ती पक्की झाली ‘द वुल्फ मॅन’च्या १९४३ सालच्या पुढच्या भागात. पहिल्या चित्रपटातल्या पद्यात केवळ शरदातल्या उजळ चंद्राचा उल्लेख आहे. लेखकांना मात्र या अटीने फार मोठी सोय करून दिली. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस जातात, म्हणजे पुढचा खून केव्हा पडणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते, गावाला ठाऊक असते, आणि ज्याच्या हातून तो पडणार त्यालाही. ‘सिल्व्हर बुलेट’ ज्या पुस्तकावर आधारलेला आहे ते स्टीफन किंग यांचे १९८३ सालचे पुस्तक तर बारा महिन्यांच्या बारा प्रकरणांचे आहे, प्रत्येक महिन्याला एक पौर्णिमा आणि बहुतेक वेळा एक बळी. त्यात पौर्णिमा सोयीस्करपणे सणांच्या दिवशी पडतात. तुम्ही पहिल्याच प्रकरणानंतर पेन्सिल घेऊन बसला असतात.

लांडग्याच्या रूपाबद्दल फार लिहीत नाही. रंगभूषाकार रिक बेकर यांनी १९८१ सालच्या ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ या चित्रपटात लंडनमधल्या एका उजेडाच्या खोलीत माणसाची हाडे ताणून दाखवली, आणि रंगभूषेसाठी नव्याने सुरू झालेले पहिले ऑस्कर त्यांना मिळाले, हे योग्यच झाले. बाकी बहुतेक ठिकाणी केसाळ पोशाख पाहून हसू येते. ‘सिल्व्हर बुलेट’मधला प्राणी ‘ई. टी.’ घडवणाऱ्या कार्लो राम्बाल्दी यांच्या हातचा आहे, तरीही तो लांडगा कमी आणि अस्वल जास्त दिसतो. पण त्याने बिघडत काही नाही. हा प्राणी थोडाच वेळ दिसला तरी चालते, आणि कमी पैशांत चित्रपट करणाऱ्यांना लहान गाव परवडते, ते यामुळेच.

अलीकडच्या मंडळींनी हे पुरते ओळखलेले दिसते. ‘द वुल्फ ऑफ स्नो हॉलो’ या २०२० सालच्या चित्रपटात युटामधल्या बर्फाळ गावातला पोलीस अधिकारी, लांडगा-माणूस असे काही नसते, हे सहकाऱ्यांना ओरडून ओरडून सांगत राहतो, आणि आपल्याला मात्र दिसत जाते की दारूपासून दूर राहू पाहणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्याच संतापाला आवर नाही. त्याच्या आजारी शेरीफ वडिलांचे काम रॉबर्ट फॉर्स्टर यांनी केले आहे. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच, २०१९ साली ते वारले. बापलेकांचे प्रसंग पाहताना मी लांडग्याला चक्क विसरले. ‘वेअरवुल्व्ह्ज विदिन’ या २०२१ सालच्या विनोदी चित्रपटात गॅसवाहिनीवरून आधीच दोन तट पडलेले गाव वादळामुळे एका छपराखाली अडकते, आणि जुन्या भांडणांना संशयाचे निमित्त मिळते. ते गाव याच व्हर्मॉन्ट राज्यातले दाखवले आहे, त्यामुळे मला त्यात जरा जास्तच रस वाटला.

आता माझे स्वतःचे कारण लिहिते. इथे मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते. यंदा मी मागच्या बाकावर बसून ऐकायला गेले होते. बर्फ हटवायच्या नव्या गाडीवर दीड तास वाद झाला, आणि बोलायला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचे आजोबा कोण हेही बाकीच्यांना ठाऊक असावे असे वाटत होते. त्या सभेत अनोळखी अशी मी एकटीच होते. कोणी वाईट वागले नाही, परंतु आपल्याकडे वळणारी नजर किंचित जास्त वेळ थांबते हे कळतेच. या चित्रपटांतही पहिला संशय नवख्यावर जातो, आणि कथा त्याला हळूहळू निर्दोष ठरवते. चार पिढ्या गावात काढलेला, सर्वांच्या भरवशाचा माणूसच लांडगा निघतो तेव्हा सारे गाव हादरते, आणि मी मात्र मनातल्या मनात थोडी सुखावते. हे काही शोभण्यासारखे नाही, पण तुमच्यापासून लपवून काय करू?

मागच्या शनिवारी शेजाऱ्यांकडे आम्ही अकरा जण ‘वेअरवुल्फ’ याच नावाचा खेळ खेळलो. १९८६ साली मॉस्को विद्यापीठात दिमित्री दाविदोव्ह यांनी ‘माफिया’ नावाचा खेळ काढला, आणि १९९७ मध्ये अँड्रू प्लॉटकिन यांनी त्यातल्या गुंडांचे लांडगे केले. चिठ्ठ्या वाटतात, ‘रात्र झाली’ म्हटले की सर्वांनी डोळे मिटायचे, लांडग्यांनी तेवढे उघडून बळी निवडायचा, आणि ‘दिवस उजाडला’ की लांडगा कोण यावर चर्चा करून एकाला बहुमताने बाद करायचे. पहिल्याच दिवशी सर्वांनी मला बाद केले. माझी चिठ्ठी साध्या गावकऱ्याची होती. बाद झालेल्याने डोळे मिटायचे नसतात, त्यामुळे पुढच्या रात्री मला सारे दिसले: ग्रंथालय सांभाळणाऱ्या आजींनी डोळे उघडले, शांतपणे एकेकाच्या मिटलेल्या चेहऱ्याकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहून हलकेच ओठांवर बोट ठेवले. शेवटपर्यंत त्यांच्यावर कोणीही संशय घेतला नाही. खेळ संपल्यावर अंगणातल्या निसरड्या बर्फावरून माझा हात घट्ट धरून मला गाडीपर्यंत सोडायला त्याच आल्या.

मामींना नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा.

आपली धाकटी भाची